उभ्या उभ्या म्हातारी होणारी चाकं

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होते. बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात, जाळीला झेंडूचा हार चढतो, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. ट्रॉलीच्या वाट्याला हार आलाच तर उरलेला येतो, तोही मागच्या फाळक्याच्या कडीला अडकवलेला. टायरांचंही तसंच. मोठ्या भावाचे कपडे धाकट्याच्या अंगाला लागावेत, तसे कुठल्याशा ट्रकने उतरवलेले टायर ट्रॉलीला लागतात. एक रबर चढवलेला, एक आतून गेटरचं ठिगळ लावलेला, एक नायलॉन, एक रेडियल. चौघांच्या चार कंपन्या. घरात कुणी आक्षेप घेतलाच तर वाशिमकडे ठरलेलं उत्तर मिळतं: "ट्रॉलीले कायले नवे टायर? थे काय ओढते थोडीच? नुसती मागं मागं तं येते."

हे मागं मागं येणंच खरं तर विचार करण्यासारखं आहे.

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. पीक मुख्यतः सोयाबीन आणि तूर, जोडीला हरभरा, रिसोडकडे हळद. या पिकांनी ट्रॉलीचं वर्षही आखून दिलेलं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी शेणखत वाहायचं, मृगाच्या तोंडावर बियाण्यांच्या थैल्या आणि खताची पोती आणायची. मग पीक उभं असेपर्यंत ट्रॉली गोठ्याच्या बाजूला, निंबाखाली किंवा सरळ आभाळाखाली उभी. सोयाबीनची सोंगणी झाली, सुड्या मोडून मळणी झाली की पंधरा-वीस दिवस तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. पुढे तुरीच्या वेळी पुन्हा काही फेऱ्या. मधल्या काळात एखादं लग्न, एखादी यात्रा. वर्षाचा हिशेब मांडला तर ट्रॉली चालते थोडी आणि उभी राहते फार. किलोमीटर मोजायला तिला काटा नसतो, पण असता तरी वर्षभरात त्याने फारसं काही दाखवलं नसतं. ट्रक जे अंतर एका आठवड्यात कापतो, त्याला कित्येक ट्रॉल्यांना वर्षं लागतात.

म्हणून ट्रॉलीचा टायर सहसा झिजून मरत नाही. त्याच्या खाचा शाबूत असतात, नक्षी डोळ्यांत भरते आणि तरी एक दिवस तो बाजूने फाटतो. मालक चक्रावतो. "आत्ता तं रबर पूर्ण होतं!" रबर पूर्ण होतं, पण वय झालेलं होतं.

रबराचं वय होतं म्हणजे काय, हे वैशाखातल्या विदर्भात वेगळं समजावून सांगावं लागू नये. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन मिळून रबराला कोरडं, ताठर आणि भेगाळ करतात. त्यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरत राहिला, दबत-फुगत राहिला की ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि एक पातळ थर राखतात. उभ्या टायरला ही मालिश मिळत नाही. त्यातच रिकामी असली तरी ट्रॉलीचं स्वतःचं ओझं महिनोन्महिने टायरच्या त्याच चार बोटं जागेवर. नायलॉनचे टायर तर तेवढ्या भागात चपटे होतात आणि मोसमातल्या पहिल्या फेरीला धडधड वाजत चालतात. थोडं अंतर गेलं की आवाज थांबतो आणि माणूस निर्धास्त होतो. बाजूच्या भिंतीवर, रिमच्या वर बोटभर अंतरावर पडलेल्या केसासारख्या भेगा तेवढ्याने बुजलेल्या नसतात.

अमेरिकेत लोक गाडीमागे घर ओढत सुट्टीला जातात. त्या फिरत्या घरांच्या मालकांचं दुखणंही नेमकं हेच आहे. घर अंगणात दहा महिने उभं, दोन महिने रस्त्यावर, आणि टायर मरतो तो नक्षी भरलेली असतानाच. तिकडे ट्रेलरसाठी टायरांची वेगळी जातच आहे. त्यावर 'एसटी' अशी अक्षरं असतात, बाजूची भिंत जास्त ताठ असते, आणि अशा टायरांना परंपरेने ताशी ६५ मैलांची, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरची मर्यादा घातलेली असते. पाच-सहा वर्षांनी नक्षीकडे न बघता ते बदलावेत, असा तिथला सर्वसाधारण सल्ला. मिशेलिनसारखी कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी काढावा. हे सल्ले तिकडच्या हवेतले आहेत. पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या वऱ्हाडात ते आणखी कडक करून वाचायला हरकत नाही.

आपल्याकडे फिरतं घर नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. ज्येष्ठात शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते आणि शिरपूर जैन, रिसोड करत मराठवाड्यात उतरते. त्या वाटेवर आणि तशा अनेक वाटांवर गावोगावच्या लहान दिंड्या आपापली ट्रॉली घेऊन चालतात. ट्रॉलीला लोखंडी कमानी, वर ताडपत्री. आत गाद्यांच्या वळकट्या, पातेली, शेगडी, पाण्याची टाकी, आणि पाय सुजलेल्या दोन म्हाताऱ्या. मालवाहू ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्याने मना आहे आणि ते योग्यच आहे. पण दिंडीमागे स्वयंपाक आणि बिछाने घेऊन जाणाऱ्या या ट्रॉलीचा तो वर्षातला सर्वांत लांबचा प्रवास असतो, शेकडो किलोमीटरांचा. आणि त्याआधीचे तीन महिने ती उन्हात उभी असते. एरवी गाव ते बाजार समिती एवढंच ठाऊक असलेल्या टायरांची परीक्षा तेव्हा होते.

पूर्वी हा प्रश्न असा नव्हता. माल वाहायला बंडी होती, माणसांसाठी दमणी, रेंगी होती, आणि त्यांच्या चाकांना लोखंडी धाव असे. धाव चढवण्याचं काम बघायला पोरं गोळा होत. लोहार धावेचं कडं चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बनवी. गोवऱ्यांच्या जाळात ते लालबुंद झालं की फुगे, मग तिघे-चौघे सांडशीने धरून ते चाकावर बसवत. लाकूड धुरकटून पेट घेई, तेवढ्यात घागरीने पाणी. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, आणि आकसलेलं लोखंड पाटे, आरे, तुंबा सगळं एकमेकांत आवळून टाकी. उन्हाळ्यात लाकूड सुकलं, धाव सैल झाली, तर चाक नदीत किंवा डोहात बुडवून ठेवायचं. त्या काळीही चाकाला उन्हाळा मानवत नसे, हे माणसांना पुरतं माहीत होतं. रबर आलं आणि ही जाणीव कशी कोण जाणे सुटली.

हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८ मध्ये बेलफास्टला बनवला, पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. डनलॉपचा भारतातला कारखाना हुगळीकाठच्या साहागंजला १९३६ मध्ये निघाला आणि बैलगाडीला हवेचा टायर बसवण्याचा विचारही त्याच सुमाराला जोर धरू लागला. पक्क्या रस्त्यावर अशी गाडी बैलांना हलकी जाते, रस्ता लोखंडी धावेसारखी कापत नाही आणि ओझंही जास्त पेलते. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर सुधारित बैलगाडी हा आयुष्यभराचा ध्यास केला होता. उसाच्या पट्ट्यात टायरगाडी इतकी रुळली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या 'गाडी सेंटर', 'टायर सेंटर', 'डोकी सेंटर' अशा नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. वाशिमकडे ऊस नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे इथे बंडीची जागा टायरगाडीने न घेता पुढे थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत हे बदललेलं जग एका नजरेत दिसतं. बंजारा समाजाची ही काशी. ज्यांच्या पूर्वजांनी एकही चाक न वापरता, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य सबंध दख्खनभर फिरवलं, त्यांच्या वाहनांनी माळरान भरून जातं.

तर टायर निवडायचा कसा?

पहिलं काम दुकानात नव्हे, घरीच. ट्रॉलीखाली शिरायचं. टायरच्या बाजूला साल कोरलेलं असतं, पण पुष्कळदा पूर्ण आकडा एकाच बाजूला असतो आणि बसवणाऱ्याने ती बाजू नेमकी आत केलेली असते. पाठीवर झोपून, गोणपाट टाकून, ओल्या फडक्याने शेण आणि माती पुसली की एका लांबट खणात चार आकडे दिसतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच आकडे असतील तर तो गेल्या शतकातला. त्याच्याकडे फक्त आदराने बघायचं. हेच चार आकडे दुकानातही वाचायचे. 'नवा' म्हणून माळ्यावरून काढून दिलेला टायर तीन-चार वर्षं तिथेच पडून राहिलेला असू शकतो. वापरलेला नाही म्हणून तो नवाच, हा युक्तिवाद ट्रॉलीच्या बाबतीत चालत नाही, कारण ट्रॉलीचा टायर न वापरतानाच तर जुना होतो.

रबर चढवलेल्या टायरविषयी मात्र सरसकट नाक मुरडण्याचं कारण नाही. विमानांचे टायरही पुन्हा पुन्हा रबर चढवून वापरले जातात. टायरची खरी किंमत त्याच्या बॉडीत असते; वरचं रबर हा पायातला तळवा. अडचण एवढीच की रबर या वर्षीचं असतं आणि बॉडी नऊ वर्षांपूर्वीची, आणि गिऱ्हाईक बघतो रबराकडे. सालाचा आकडा बॉडीवरच असतो, तो रबर चढवल्याने बदलत नाही. आकडा घासून काढलेला दिसला तर पुढचं बोलणंच नको. आत हात घालून बघायचं: गेटरचा उंचवटा लागतो का, धागे सुटलेत का, कुठे फुगवटा आहे का. गेटर लावलेला टायर शेतातल्या शेतात चालतो, बाजारापर्यंत नेला तर नशिबावर, आणि पंढरपूरला नेऊ नये.

मग येतं वजन. टायरच्या बाजूला मापानंतर आणखी आकडे असतात, त्यांकडे सहसा कुणी बघत नाही. ट्रॉलीला ९.००-२० हे माप सर्रास दिसतं. त्यापुढे १४ पीआर, १६ पीआर असं काही लिहिलेलं असतं. कधी काळी तो सुती थरांचा हिशेब होता, आता तो फक्त ताकदीची पायरी सांगतो. त्याहून नेमका असतो तो भारांक. १३६ म्हणजे एका टायरला २,२४० किलो, १४० म्हणजे २,५००, १४६ म्हणजे ३,०००. आता सोयाबीनची शंभर पोती भरली असं धरू. पोतं साठ किलोचं, म्हणजे सहा टन. ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीड टन धरलं तर साडेसात टन, चार चाकांवर वाटलं तर प्रत्येकी १,८७५ किलो. कागदावर १३६ च्या टायरलाही हे जड नाही. पण पोती कधीच चारही चाकांवर सारखी बसत नाहीत. मागे थप्पी उंच होते, पांदणीच्या चाकोरीत एक बाजू वीतभर खाली जाते, आणि त्या क्षणी एका टायरवर अडीच टनही येतात. शिवाय ओलं सोयाबीन पोत्याचं वजन वाढवून ठेवतं. म्हणून हिशेबाच्या वर चौथाई मोकळी ठेवून टायर घ्यावा, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. दोनचाकी ट्रॉलीत थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर जातं खरं, पण उरलेलं सगळं दोनच टायरांवर, आणि त्यातला एक फुटला तर सावरायला शेजारी कुणी नाही.

वेगाचंही एक अक्षर असतं. शेतीअवजारांच्या टायरांवर 'ए८' दिसतं, त्याचा अर्थ ताशी ४० किलोमीटर. ट्रकच्या टायरवर 'जे' किंवा 'के' असतं, म्हणजे शंभर, एकशेदहा. ट्रॅक्टर मुळातच त्या चाळिशीच्या आतबाहेर धावणारा, त्यामुळे ट्रॉलीला वेगाच्या अक्षराची चिंता नाही. पण तीच ट्रॉली कुणी पिकअपच्या मागे बांधून हायवेला काढली, तर ते अक्षर एकदम महत्त्वाचं होतं.

नायलॉन की रेडियल, या वादात दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही चहा संपेपर्यंत रंगतात. रेडियल थंड चालतो, लांब पल्ल्याला चांगला, डिझेल वाचवतो. पण त्याची बाजूची भिंत पातळ असते आणि दगड, खुंट तिथेच घुसतात. ट्रॉलीच्या संथ, खडबडीत, थांबत-थांबत चालणाऱ्या संसाराला नायलॉनच बरा, असं म्हणणाऱ्यांची बाजू इथे भक्कम वाटते. रेडियल घ्यायचाच तर चारही घ्यावेत. निदान एका आखावर एक रेडियल आणि एक नायलॉन ही जोडी तरी लावू नये, कारण दोघांचं दबणं वेगळं आणि वळणं वेगळं. नक्षीच्या बाबतीत वाद कमी आहे. जाड ठोकळ्यांचा लग टायर जमिनीला पकडून ओढणाऱ्या चाकाला हवा. ट्रॉलीला ओढायचं नसतं, सरळ मागे यायचं असतं, तेव्हा उभ्या रेषांचा रिब टायर तिला शोभतो आणि मोकळा फिरतो. आयएसआयची खूण बघावी. वाहनांच्या टायरांना ती सक्तीची करणारा केंद्र सरकारचा आदेश २००९ चा आहे. टायर नवा घेतला तर ट्यूब आणि फ्लॅपही नवीच घ्यावी. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि ती घडीवरच कापली जाते. तेवढ्या पैशासाठी घासाघीस करणारे मोसमाच्या ऐन मध्यावर पंचरवाल्याच्या दारात बसलेले असतात.

खुंटांची गोष्ट इथली खास आहे. सोयाबीन सोंगल्यावर जमिनीत जे बोटभर तिरपे छाटलेले खुंट राहतात, ते वाळल्यावर खिळ्यासारखे होतात. तुरीचे तर त्याहून जाड आणि टणक. विळ्याने तिरपा काप बसतो, त्यामुळे टोक जास्तच धारदार. ट्रॉली वावरात जाते ती नेमकी याच दिवसांत, आणि बांधावर बाभळीचे काटे पसरलेले असतात ते वेगळेच. जुन्या, ताठर झालेल्या रबरात खुंट लवकर शिरतो. ताजं रबर निदान थोडं दबून त्याला बगल देतं.

त्यात परतीचा पाऊस आला की काळी जमीन ट्रॉलीला धरून ठेवते. ट्रकचा अरुंद टायर शंभर पौंडांच्या आसपास हवा घेऊन चिखलात सुरीसारखा उतरतो. जमिनीवर पडणारा दाब साधारण टायरातल्या हवेच्या दाबाएवढा असतो, हे सूत्र एकदा लक्षात आलं की ट्रॉली आखापर्यंत का रुतते ते कळतं, आणि पुढच्या वर्षी त्याच चाकोरीत पीक का खुरटतं तेही. युरोपातल्या शेतकऱ्यांनी यावर रुंद, कमी हवेचे टायर ट्रेलरला लावले. त्यातले कितीतरी टायर येतात कुठून? छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधूनही. बाळकृष्ण इंडस्ट्रीज, म्हणजे बीकेटी, शेतीचे आणि ट्रेलरचे टायर बनवते आणि तिच्या मालाचा मोठा हिस्सा परदेशात, त्यातही युरोपात जातो. मराठवाड्यात बनलेला टायर फ्रान्समधल्या बीटाच्या शेतात अलगद फिरतो आणि शेजारच्या वाशिमची ट्रॉली निवृत्त ट्रकटायरांवर रुतून बसते, यात चूक कुणाची आहे असं नाही. रुंद टायरला रिम वेगळा लागतो, आख वेगळा लागतो, आणि त्याचा खर्च पाच एकरांच्या मालकाच्या हिशेबात बसत नाही. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. जिथे पांदण खरोखर पक्की झाली, तिथे ट्रॉलीच्या टायरांचं आयुष्य कुठल्याही कंपनीने वाढवलं नसतं तेवढं वाढलं असेल.

टायरची चर्चा या जिल्ह्यात घराघरांत पोचली ती मात्र ट्रॉलीमुळे नाही. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तापलेलं काँक्रीट, सरळसोट अंतर, न थांबता धावणाऱ्या गाड्या; टायर फुटण्याच्या बातम्या येऊ लागल्या. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. चालक टायर फुटल्याचं सांगत होता, परिवहन खात्याच्या तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. पण त्या वर्षी गुळगुळीत टायरांच्या गाड्या महामार्गावर चढण्याआधीच अडवायला सुरुवात झाली आणि टायरचं साल, हवेचे पौंड हे शब्द पानटपरीवर आले. लोक मोटारीचे टायर वाकून बघू लागले. शेलुबाजारच्या चौकातून, त्याच महामार्गाच्या पुलाखालून, ट्रॉल्या पूर्वीसारख्याच जातात. त्यांचे टायर कुणी वाकून बघत नाही.

मोटारीच्या टायरला एक मोठा आधार आहे: त्याच्यावर माणूस बसलेला असतो. हवा कमी झाली की स्टेअरिंग ओढतं, आवाज बदलतो, बुडाला कळतं. ट्रॉलीच्या टायरचं दुखणं कुणाच्याच अंगाला लागत नाही. चालक दहा-बारा फूट पुढे, इंजिनाच्या आवाजात, बहुतेक वेळा टेपही लावलेला. मागचा टायर अर्धा बसला तरी ट्रॅक्टर ओढतच राहतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, तापला की थर सुटतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात, म्हणजे उतारावर टायर फुटला की मागचे सात टन ट्रॅक्टरला ढकलत, तिरपे होत, खाली येतात. मागं मागं येणाऱ्या चाकांना चांगले टायर का हवेत, याचं उत्तर मेडशीच्या घाटात एकदा पोत्यांनी भरलेली ट्रॉली उतरवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

हवेविषयी इथे दोन टोकं आहेत. काही जण बघूनच भरतात: टायर गोल दिसला की झालं. काही जण उन्हाळ्यात मुद्दाम कमी ठेवतात, "गरमीनं फुगून फुटन" म्हणून. तापमान दहा-अकरा अंशांनी वाढलं तर शंभर पौंडांच्या टायरात हवेचा दाब जेमतेम चार पौंडांनी वाढतो; तो धरूनच टायर बनवलेला असतो. फुटतो तो बहुधा कमी हवेचा. सकाळी, टायर थंड असताना, मीटर लावून भरावी, एवढी साधी गोष्ट. भरताना बघण्यासारखं आणखी एक आहे. वीस इंची रिमला लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल आणि आत हवा भरत गेली, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. अनुभवी पंचरवाला चाक पालथं घालतो, रिमच्या भोकांतून टॉमी आरपार सारतो किंवा साखळी गुंडाळतो, नळी जोडतो आणि बाजूला सरकतो. जो पंचरवाला चाकावर पाय देऊन, विडी ओढत हवा मारतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये आणि पहिल्यांदा त्याच्या समोर उभं राहू नये.

चारही टायर एकदम घ्यायची ऐपत नसेल, आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी ती सहसा नसते, तर नवे दोन मागच्या आखाला लावावेत. ओझं तिथेच जास्त येतं. उतरवलेल्या दोघांत जो सालाने जुना असेल तो स्टेपनीलाही ठेवू नये. नटबोल्ट बसवल्यानंतर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा पाना लावावा. रंगाचा आणि गंजाचा थर दबला की ते हमखास सैल होतात. आणि हरभरा घरात आला, ट्रॉली मोकळी झाली की आखाखाली दगड किंवा ओंडके सारून चाकं जमिनीपासून सुटी करावीत, वर बारदाना टाकावा. खर्च शून्य आहे. तरीही हे करणारं घर गावात एखादंच सापडतं, आणि त्या घरच्या टायरांची इतरांना कायम असूया असते.

उतरवलेल्या टायरांचं काय, हा प्रश्न दुकानातच निघतो. जुलै २०२२ पासून टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमाने ते बनवणाऱ्यांवर आली आहे. गावात मात्र टायर गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून चढतो, वडाला झोका म्हणून लटकतो, म्हशीचं पाणी प्यायचं भांडं होतो. उरलेले दुकानदार चार पैसे देऊन ठेवून घेतो. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा पाडणारे कारागीर असतात. काळा रंग मारला की लांबून तो टायर पुन्हा विकाऊ दिसतो. हे ठाऊक असलेले मोजके मालक उतरवलेल्या टायरची बाजूची भिंत तिथेच, दुकानाच्या ओट्यावर, कुऱ्हाडीने चिरतात आणि मग हातात देतात. दुकानदाराचा चेहरा उतरतो.

"आता हे कापून टाकलं तं माह्या काय कामाचं, भाऊ?" तो विचारतो.